भेटायची वेळ चार ते सहा

माझी धाकटी जाऊ इस्पितळात वॉर्डाच्या दारावर पहारा देते. सुट्टीत आम्ही सगळे सासरी जमलो होतो. तिची दीड वर्षांची लेक दुपारी कशीबशी झोपली, तेवढ्यात नणंद सहकुटुंब आली. "उठव गं तिला, फोटो काढू."

तिच्या जागी मी असते तर मुकाट्याने उठवली असती. जाऊ मात्र खोलीच्या दारात स्टूल टाकून बसली. "भेटायची वेळ चार ते सहा."

"अगं, मी सख्खी आत्या आहे!"

"तिथेही सगळे सख्खेच येतात, वन्सं."

सासरे तणतणले, "घर माझं आहे!"

"झोप तिची आहे."

मग सासूबाई आल्या. आता हिची काही खैर नाही, असं मला वाटलं. त्यांनी दुसरं स्टूल तिच्या शेजारी टेकवलं.

"माझ्या तिन्ही पोरांना सगळे असंच उठवायचे आणि मी गप्प बसायचे," त्या म्हणाल्या. "आता बघतेच, कोण आत जातं ते."