तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

शाळेत त्यांना सगळे ‘चिनी बाई’ म्हणत. बाई चीनला कधी गेल्या नव्हत्या, चिनी माणसाशी कधी बोलल्याही नव्हत्या. मूळच्या त्या भूगोलाच्या. मुख्याध्यापकांना एके दिवशी परदेशी भाषेची हौस आली आणि बाईंनी लग्नाआधी घरबसल्या केलेल्या चिनीच्या अभ्यासक्रमामुळे ती शिकवणं त्यांच्याच गळ्यात पडलं. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार! पण बाई जीव ओतून शिकवत. रेकॉर्डिंग ऐकून ऐकून त्यांनी उच्चार घोटले. फळ्यावर एकेक अक्षर रेघांच्या क्रमाने काढून दाखवलं. मधल्या पातळीच्या पुस्तकातला संस्कृतीचा धडा तर त्यांचा खास लाडका.

“मोठ्यांनी काही देऊ केलं की अधाशासारखा हात पुढे करायचा नाही,” त्या सांगत. “दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं, तेही दोन्ही हातांनी.” वर्गात याची तालीम चाले. घाईने हो म्हणणाऱ्याला बाई पुन्हा पहिल्यापासून करायला लावत.

त्यांची भाची त्याच वर्गात होती, आणि हे सगळं तिने अगदी मनावर घेतलं होतं. तिची आई शिलाईचं दुकान चालवी. शाळा संपली की पोरीनेही मशीनवर बसायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. त्यातून सुटायची एकच वाट होती. चीनमधल्या एका विद्यापीठातून कुणी प्राध्यापिका येणार होत्या आणि शाळेतल्या एकाला तिथे शिकायला नेणार होत्या, राहण्याखाण्यासकट. मावशी-भाचीने त्यासाठी वर्षभर रात्रीचा दिवस केला.

प्राध्यापिका आल्या त्या पाठीवर सॅक अडकवून, कॉलेजातल्या मुलीसारख्या. त्यांनी मुलांना वाचायला लावलं, बोलायला लावलं. भाची सरस ठरली, यात कुणाला शंका उरली नाही. सभागृहात सगळ्यांसमोर त्यांनी तिला चिनीत विचारलं, “आमच्याकडे येशील?”

भाचीने मान झुकवली. “नको. माझी तेवढी योग्यता नाही.”

प्राध्यापिका गोंधळल्या. “खरंच नको?”

“नको. दुसऱ्या कुणाला तरी द्या.” पोरीच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. आता तिसऱ्यांदा विचारतील, म्हणून तिने दोन्ही हात पुढे करायच्या तयारीत ठेवले होते.

प्राध्यापिकांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही. बाहेर गाडी थांबली होती. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि दुसऱ्या नंबरच्या मुलाकडे वळल्या. त्या महाशयांनी तो धडा कधी उघडलाच नव्हता. “येतो की!” म्हणून तो मोकळा झाला. टाळ्या पडल्या.

भाचीने वळून मावशीकडे पाहिलं. बाई तिथेच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि थांबल्या. उच्चार चुकला तर? मुख्याध्यापकांसमोर, सगळ्या वर्गासमोर, खऱ्या चिनी बाईला आपलं चिनी कळलंच नाही तर? इतक्या वर्षांचा मान एका वाक्यात धुळीला मिळाला असता. त्या हसत राहिल्या. पाहुण्यांनी निरोप घेतला तेव्हाही हसतच मान डोलावली.

संध्याकाळी बाई बहिणीच्या दुकानात गेल्या. बहिणीने मशीन थांबवली नाही.

“नको म्हणायला आम्ही काय कमी शिकवलं होतं गं तिला?” ती म्हणाली. “जन्मभर दुसरं काय केलं आपण? तेच शिकवायला परक्यांचं पुस्तक कशाला हवं होतं?”

“पुस्तकात तसंच दिलंय, ताई. मी मनाचं काही सांगितलं नाही.”

भाची कोपऱ्यात बसून शर्टांना बटणं लावत होती. रडून झालं होतं. ती मावशीवर ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

“पुस्तकाचं राहू दे, मावशी,” ती खाली बघतच म्हणाली. “तुला बोलता आलं असतं. ‘तिला यायचंय.’ एवढंच. पहिल्या धड्यातलं वाक्य आहे.”