अंगठ्याच्या वरचं वाक्य

वसमतच्या कुमुदताई गेल्या त्याला सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझा गुन्हा सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं कौतुक पोकळ वाटेल. त्यांच्या पत्रसंग्रहात एक पत्र आहे. अक्षर माझं, खाली अंगठा तांड्यावरच्या सक्रूबाईंचा. त्या अंगठ्याच्या वरचं वाक्य मात्र सक्रूबाई कधी बोललेल्याच नाहीत. ते मी घातलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ एका बंजारा तांड्यावर शाळामास्तर होतो. कुमुदताई मुंबईच्या एका संग्रहालयात वस्त्रांचा विभाग सांभाळायच्या, प्रदर्शनं मांडायच्या. वर्षातून दोनदा एसटीनं सेनगावपर्यंत आणि पुढे जीपच्या मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसून त्या तांड्यावर यायच्या. बायकांबरोबर जमिनीवर बसून भरतकाम बघायच्या. वहीत आधी बाईचं नाव लिहायच्या, मग टाक्याचं. "लोक खुशाल 'अज्ञात कारागीर' अशी चिठ्ठी लावतात, गुरुजी," त्या म्हणायच्या. "अज्ञात कसली? विचारलं की सांगते ना ती!" त्यांच्या प्रदर्शनात तसली चिठ्ठी कधी लागली नाही. आलेलं प्रत्येक पोस्टकार्ड त्या जपायच्या आणि स्वतः लिहिलेल्या पत्राचीही कार्बन प्रत ठेवायच्या.

सक्रूबाईंनी लेकीच्या लग्नासाठी एक ओढणी भरली होती. चार वर्षं लागली होती तिला. ती त्यांनी ताईंना मुंबईच्या प्रदर्शनापुरती दिली. प्रदर्शन संपल्यावर ताईंचं पत्र आलं. संग्रहालयाला ही ओढणी कायमची ठेवायची इच्छा आहे, भेट म्हणून द्याल का? हरकत असेल तर निःसंकोच कळवा, लगेच परत पाठवते. तांड्यावरची पत्रं मीच वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. सक्रूबाई चुलीपासून न उठताच म्हणाल्या, "लिही मास्तर. पाहून झालं असंल तर वापस दे म्हणा. शांतीचं लगीन हाय. मुंबईच्या भिंतीचं लगीन न्हाई."

मी हसलो, आणि लिहिलं, 'ओढणी आनंदाने ठेवून घ्यावी.' मला वाटलं, तांड्याचं नाव मुंबईत लागेल, या बाईला त्याचं मोल काय कळणार... शिकलेल्या माणसाचा माज होता तो, दुसरं काही नाही. सक्रूबाईंनी विश्वासानं अंगठा दिला.

शांतीचं लग्न बाजारातल्या ओढणीवर झालं. सक्रूबाईंनी पुन्हा मागणी केली नाही. "एकडाव सांगितलं ना? आपलीच चीज किती डाव मागू?" त्या म्हणाल्या. आणि मग माझ्यासमोरच म्हणाल्या, "तुमची ताई चोर निघाली, मास्तर." मी पायातल्या चपलेकडे बघत राहिलो. पुढच्या खेपेला ताई आल्या तेव्हा कुणी बसायला गोधडी टाकली नाही, पाण्याचा तांब्याही आला नाही. सक्रूबाई तर घराबाहेर आल्याच नाहीत. जीपकडे परत जाताना ताईंनी विचारलं, "माझं काय चुकलं हो, गुरुजी?" मी म्हणालो, "सुगीचे दिवस आहेत, ताई. बायका कामात आहेत." त्यानंतर त्या तांड्यावर त्यांची वही कधी उघडली नाही. दुसऱ्या गावांत, दुसऱ्या जिल्ह्यांत त्या फिरत राहिल्या, मोठमोठी प्रदर्शनं केली. पण मला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायचीच : सक्रूबाई कशा आहेत?

निवृत्त होऊन ताई वसमतला परतल्या आणि आपली सगळी कागदपत्रं हिंगोलीच्या एका महाविद्यालयाला द्यायचं त्यांनी ठरवलं. ती लावायला मला बोलावलं. तिसऱ्या दिवशी ते पत्र माझ्याच हातात आलं. अंगठ्याची शाई तशीच निळी होती. मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. वर म्हणालो, "ताई, हे फाडून टाका."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "कागद फाडायचा नसतो, गुरुजी. खोटा असला तरी. त्याला दुसरा कागद जोडायचा असतो. तो तुम्ही लिहा."

मी हो म्हणालो आणि लिहिला नाही. ताईंनी मात्र त्याच आठवड्यात संग्रहालयाशी पत्रव्यवहार सुरू केला. वर्षभर लिहीत राहिल्या आणि ओढणी परत मिळवली. ती मलमलमध्ये गुंडाळून, गुडघे दुखत असताना, माझ्यासोबत तांड्यावर आल्या. सक्रूबाईंच्या हातात देऊन एवढंच म्हणाल्या, "फार उशीर झाला, बाई. माफ करा." सक्रूबाईंनी ओढणी हुंगली. "डांबरगोळ्याचा वास येऊन राहिला," म्हणाल्या. मग भरतकामातला एकेक आरसा बोटानं चाचपला. एकही निखळला नव्हता. मी शेजारी उभा होतो, आणि त्या दिवशीही गप्पच राहिलो. परतताना ताई म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती. तुमचं तुम्हीच सांगा." दुसऱ्याच्या चुकीचा ठपका इतका सहज अंगावर घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग ताई गेल्या म्हणून त्यांच्या पुतण्याचा फोन आला... माझा कागद तेव्हाही कोराच होता.

तेराव्यानंतर मी तांड्यावर गेलो आणि सक्रूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती मेल्यावर सांगून राहिला व्हय?" मी माफी मागायला लागलो तर हात झटकून म्हणाल्या, "माही काहून मागतो? तिची माग. तुह्यापायी मी तिले चोर म्हणलं. लिही. अन् या डाव वाचून दाखीव."

मी लिहिलं आणि दोनदा वाचून दाखवलं. सक्रूबाईंनी अंगठा दिला. हिंगोलीच्या त्या महाविद्यालयात, ताईंच्या अक्षरात सक्रूबाईंचं नाव असलेल्या फाईलमध्ये, आता त्या जुन्या पत्राला हा कागद जोडलेला आहे :

'ताई, ओढणी ठेवून घ्या असं सक्रूबाई म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी परत मागितली होती. खोटं मी लिहिलं. शांतीच्या डोक्यावर ती ओढणी नव्हती ती माझ्यामुळे, आणि तांड्यावर तुम्हाला कुणी पाणी विचारलं नाही तेही माझ्यामुळेच. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.'