कानस न लावता घेतलेला माल

होटगी रस्त्याला माझं भंगाराचं गोडाऊन आहे. हातगाडीवरून सुरुवात केली आणि इथवर आलो ते एका सवयीमुळे. रंगवलेलं लोखंड समोर आलं की आधी त्यावर कानस घासायची. रंगाखाली गंज किती आहे हे कळल्याशिवाय मी भाव बोलत नाही.

म्हणून डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला आतून गंज चढतोय," तेव्हा मला लगेच समजलं. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, सगळंच वाढलं होतं. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात म्हणे. गरजेपेक्षा जास्त साखर आणि चरबी आली की पेशींत ठिणग्या उडाल्यासारखं होतं आणि त्या ठिणग्या रक्तवाहिन्या, नसा आतून खात राहतात. त्याचं नाव ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. त्यांनी तीन गोळ्या लिहिल्या.

"दोनात भागवा की," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

माझा एक मित्र होता. हातगाडीच्या दिवसांत आम्ही एका ताटात जेवलोय. अलीकडे तो कसल्या कसल्या कॅप्सूल विकायचा. "अँटिऑक्सिडंट हाय. गंजावर ऑईल मारल्यागत काम करतंय बघ," तो म्हणाला. मी तासभर घासाघीस करून दोन डब्यांच्या भावात चार घेतले. जिंकल्याच्या भरात त्याला म्हणालो, "आता डॉक्टरच्या गोळ्या बंद. एका गंजाला दोन औषधं कशाला?"

त्यानं पैसे मोजून घेतले. डबे पिशवीत भरून दिले.

तीन डबे संपले. एके दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन गोडाऊनमध्ये आली आणि ओरडली, "अहो, चप्पल रक्तानं भरलीय की!" खिळा चप्पल भेदून तळव्यात घुसला होता आणि मी सकाळपासून त्यावर चालत होतो. मला काही कळलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नसा बधिर झाल्यात, जखम भरली तर पाय वाचेल.

ड्रेसिंगला गेलो तर बाहेरच्या बाकावर मित्र बसलेला. मांडीवर फाईल. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पाकिटं डोकावत होती. मला लिहून दिलेल्याच तिन्ही गोळ्या.

"तू गोळ्या घेतोस?"

"घ्यायलाच लागत्यात की. लई वर्सं झाली."

"आणि कॅप्सूल?"

"त्याबी घेतो. वरनं."

"मग मी गोळ्या बंद करतो म्हणलो तवा तोंड शिवलं हुतं व्हय तुझं?"

"तुला कोण शिकवणार, बाबा? गोळ्या सोडू नको म्हणलो असतो तर माल घेतला असतास का?"

मी इतक्या मोठ्यानं शिव्या दिल्या की आतून कंपाउंडर धावत आला. मित्र मात्र खालच्या आवाजात म्हणत होता, "चिडतोस काय? राहिलेला डबा परत घेतो की."

पाय वाचला, दोन बोटं गेली. आता रोज संध्याकाळी बायको माझ्या तळव्याखाली आरसा धरते. मला जे कळत नाही ते ती बघून सांगते. गोळ्या तिन्ही चालू आहेत.

चौथा डबा न फोडता माझ्या टेबलावर ठेवलाय. परत दे म्हणून त्यानं दोनदा निरोप धाडला. देणार नाही. दिला की व्यवहार मिटला असं तो समजेल.