ऑक्टोबरची छाटणी

मार्चमधल्या त्या सकाळी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून होतो. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि हातातली कॉफी संपायची होती. मंजिरीचा फोन आला. "आई गेली," एवढंच ती म्हणाली. निफाडहून तिच्या भावाने कळवलं होतं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, संध्याकाळच्या चहाला उठवायला गेले तर... मी बायकोला काय म्हणालो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझ्या मनात पहिल्यांदा त्यांचं तिकीट आलं. एप्रिलअखेरचं, खिडकीजवळच्या जागेचं. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावचा वसंत त्या पहिल्यांदाच बघणार होत्या.

शालिनीताई माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणायचो, त्या मला मिलिंदराव. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी त्यांचं अहोजाहो सुटलं नाही. आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. सासरे वारल्यावर बाग मुलाच्या हाती दिली आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे येऊ लागल्या. सासू चार-साडेचार महिने राहायला येते म्हटल्यावर ऑफिसातले मित्र माझ्याकडे दयेने बघायचे. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही धास्तावलेलोच होतो. आल्या दिवशी त्यांनी घरामागे एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "एवढी जमीन, आणि नुसतं गवत? मग गुरं तरी पाळा."

त्या जूनमध्ये यायच्या आणि ऑक्टोबरच्या मध्याला, थंडी दाराशी आली की परतायच्या. जाण्याआधी दोन कामं ठरलेली. एक, ट्युलिपचे कंद लावणं. खारी कंद उकरून नेतात असं कळल्यापासून प्रत्येक खड्ड्यावर त्या घरचं लाल तिखट भुरभुरायच्या. निफाडहून आणलेलं ते तिखट आम्हाला मोजून मिळे आणि खारींना सढळ हाताने. दुसरं काम, पहिल्याच वर्षी त्यांनी लावलेल्या लायलॅकच्या, वसंतात सुवासिक तुरे येणाऱ्या झुडपाची छाटणी. द्राक्षाच्या गावात ऑक्टोबरची छाटणी चुकली की वर्ष चुकलं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. लाल मुठीची कात्री त्यांनी गावाहूनच आणली होती, तिथे तिला सिकेटर म्हणतात. एकेक फांदी तिरपा काप देऊन छाटायच्या, मग पात्यांना खोबरेल लावून, जाहिरातीच्या कागदात गुंडाळून कात्री गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवायच्या.

पहिल्या मे महिन्यात ट्युलिप आले, लालभडक. लायलॅकला मात्र नुसती पानं. आईंनी फोनवर ट्युलिपचं कौतुक ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि झुडूप?" आता एवढ्या दुरून विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याचं लायलॅक जांभळ्या तुऱ्यांनी वाकलं होतं. मी त्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. त्या इतक्या खूश झाल्या की निफाडमध्ये घरोघर तो फोटो फिरला. "बघा, छाटणीचा गुण," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या म्हणे.

पुढे नर्सरीतल्या एका बाईंनी मला समजावलं की लायलॅक पुढच्या वर्षीचे डोळे, म्हणजे फुलांचे अंकुर, आदल्या उन्हाळ्यातच धरतं. ऑक्टोबरात छाटलं की सगळी फुलं छाटली गेली. छाटायचं ते फुलं ओसरल्याबरोबर. हे आईंना सांगायचं असं ठरवून मी घरी आलो आणि सांगितलं नाही. कारण मग फोटोचंही सांगावं लागलं असतं. त्या ऑक्टोबरात त्यांनी दुप्पट हुरूपाने कात्री चालवली, आणि पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा कोपऱ्यावर जाऊन फोटो काढला. असे चार वसंत गेले. एका जूनमध्ये त्यांनी विचारलं की वाळलेले तुरे कुठेच कसे दिसत नाहीत. मी साफ केले म्हणालो. "तुम्हाला तर गवत कापायलाही दोनदा सांगावं लागतं," एवढं बोलून त्या आत गेल्या. मला वाटलं, निभावलं.

गेल्या ऑक्टोबरात कंद लावून झाल्यावर त्या कात्री घेऊन लायलॅकपाशी गेल्या. फांदीच्या टोकावरचा डोळा दोन बोटांत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मिलिंदराव, फोटोत मागे पांढरं कुंपण दिसतं. तुमच्याकडे कुठे आहे कुंपण?"

मी सगळं कबूल केलं. छाटणीचं, नर्सरीचं, चारही फोटोंचं. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"मला सांगायचं होतंत ना. मला एक दिवस वाईट वाटलं असतं. झाडाची चार वर्षं गेली."

मग त्यांनी कात्री न वापरताच पुसली, नेहमीसारखं तेल लावलं आणि खिळ्याला अडकवली. येत्या वसंतात मी स्वतः येणार, फोटो नको, असं त्यांनी रात्री जेवताना मंजिरीला सांगितलं. थंडी असेल म्हणताच, तुझा जाड कोट घालीन, म्हणाल्या.

गोड बोलून वेळ मारून नेणं ही माझी जुनी खोड. तिला मी चांगुलपणा समजत आलो. त्यांच्या त्या एका वाक्याने ती खोड मला पहिल्यांदा नीट दिसली, आणि त्यांच्याशी यापुढे खरं बोलायचं असं मी मनोमन ठरवलं. पण त्याही काही कमी नव्हत्या. दिवसकार्य झाल्यावर मेहुण्याने सांगितलं की जानेवारीपासून जिना चढताना त्यांना दम लागायचा. कळलं तर मंजिरी तिकीट कॅन्सल करील, म्हणून त्यांनी त्याला बोलू दिलं नाही. दर रविवारी मी फोनवर तब्येत विचारायचो आणि त्या "ठणठणीत" म्हणायच्या. मला त्यांचा फार राग आला. मला सांगायचं होतंत ना, आई... हे मी गाडीत एकटा असताना मोठ्याने म्हणालोसुद्धा.

या आठवड्यात आमचं लायलॅक फुललं. फार नाही, चौदा तुरे आहेत. मी आणि माझी मुलगी इरा, दोघांनी वेगवेगळे मोजले. वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. ट्युलिप त्याच्या पायाशी ओसरत आलेत. मी फोटो काढला आणि त्यात मुद्दाम आमच्या गॅरेजचा पोचा आलेला दरवाजा घेतला, म्हणजे कुणाला शंका नको. पाठवायला नाव शोधताना अंगठा सवयीने आईंच्याच नावावर गेला. त्यांचा फोन आता मेहुण्याकडे असतो, बंद असतो. तरी पाठवला.

फुलं आणखी आठ-दहा दिवस टिकतील, मग लगेच छाटणी करायची. म्हणून आज कात्री खाली काढली. कागद उलगडला. हिवाळाभर पात्यांवर गोठून राहिलेलं त्यांचं खोबरेल पुन्हा पातळ झालं होतं. मी ते पुसलं नाही.