कोरडी सिरिंज आणि कुसुमताई

कुसुमताई गेल्याचं मला सीताबर्डीतल्या औषधाच्या दुकानात कळलं. दुकानदार म्हणाला, "तुमच्या डॉक्टरबाई गेल्या म्हणे परवा..." मी औषध न घेताच घरी आले. पंधरा वर्षं आम्ही हॉस्पिटलातल्या एकाच खोलीत काम केलं. हाडाच्या पोकळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, ताई तपासणीसाठी सुईने काढायच्या आणि मी तो काचपट्टीवर पसरायचे.

सत्तर सालच्या सुमारास आमच्याकडे हा नमुना बहुधा छातीच्या हाडातून घेत. छातीवर येणारी सुई पेशंटला दिसायची. ताईंनी कमरेच्या मागच्या हाडातून घ्यायचं ठरवलं, पण आधी स्वतःच टेबलावर पालथ्या झोपल्या आणि सहकारी डॉक्टरांना म्हणाल्या, "घ्या माझा." उठल्यावर मला म्हणाल्या, "भुलीमुळे सुई टोचलेली कळत नाही गं. पण सिरिंज ओढली की जीवच ओढल्यासारखा होतो. हे आपण कुणाला सांगतच नव्हतो."

काटोलकडची सुभद्रा आली तेव्हा चार महिने तिचा ताप हटत नव्हता आणि अंगात रक्त उरलं नव्हतं. दुसरीकडे छातीतून नमुना घेतला होता, पण सिरिंज कोरडीच आली. घरच्यांनी कॅन्सरच धरला होता.

"आता काहून टोचून राहिल्या बाई? मले घरी जाऊ द्या."

"काही आलंच नाही, तर कॅन्सर कसा म्हणायचा?" ताई म्हणाल्या. "मी हाडाचा बारीक तुकडा काढते. दुखेल. केव्हा दुखेल ते आधी सांगेन. नको म्हणालात तर थांबेन."

सुभद्रा कुशीवर वळली. सिरिंज याही वेळी कोरडी... मग ताईंनी जाड सुई फिरवत फिरवत आत नेली आणि काडीएवढा तुकडा काढला. मी तो काचपट्ट्यांवर हलकेच टेकवला, मग औषधी पाण्यात टाकला. आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो क्षय.

"म्हणजे औषध हाये?" तिच्या नवऱ्याने दोनदा विचारलं. औषध होतं. सात महिन्यांनी सुभद्रा बसस्टँडवरून पायी चालत आम्हाला भेटायला आली.

निवृत्तीनंतरही ताई दर बुधवारी यायच्या. सुई नव्या डॉक्टरांच्या हाती आणि ताई पेशंटचा हात धरून त्याच्या उशाशी, लाकडी स्टुलावर. गेल्या बुधवारी ते रिकामं होतं, म्हणून मी बसले. टेबलावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "लय दुखते का वं बाई?"

"हो," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.