नांगर उचलायची घाई

नायरी आणि मर्डो बॅलंटाइन यांनी म्हातारपणासाठी गोर गावाच्या कडेला घर घेतलं आणि त्या घरात जेमतेम एक हिवाळा काढला. घरात तशी काही खोट नव्हती. मागं सफरचंदाचं झाड होतं, स्वयंपाकघर ऐसपैस होतं, बाजार हाकेच्या अंतरावर. खोट असलीच तर राहणाऱ्यांत होती. उभ्या जन्मात ती दोघं कुठल्याही एकाच छपराखाली सलग महिनाभर झोपलेली नव्हती.

मर्डो मेंढ्यांची लोकर कातरणारा. हंगाम जसा सरकेल तशी कातरणाऱ्यांची टोळी सरकायची, आणि नायरी त्या टोळीची स्वयंपाकीण. अंधारात उठून न्याहारी, मग चहा आणि केक, मग जेवण, पुन्हा चहा, पुन्हा जेवण. सगळं कुणाच्या तरी मळ्यावरच्या परक्या स्वयंपाकघरात, मोडक्या शेगडीवर. एका मळ्यावरच्या मेंढ्या संपल्या की भांडी गाडीत, माणसं गाडीत, की चालले पुढच्या मळ्यावर. एकुलती एक केर्स्टी आजीकडे वाढली आणि पुढं शाळेत शिक्षिका झाली. तिनं मात्र नेमणुकीच्या गावातून पाऊल म्हणून हलवलं नाही.

मग मर्डोची पाठ गेली. जन्मभर कमरेतून वाकून काम केलेलं. डॉक्टर म्हणाले, आता बास. टोळी दुसऱ्याच्या हाती सोपवून दोघं गोरला आली, आणि घर त्यांना खायला उठलं. मर्डो फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते म्हणून त्यानं त्यातला सेलच काढून ठेवला. नायरीला दोघांपुरतं रांधता येईना. पातेलंभर मटण शिजवायची आणि मग शेजारीपाजारी वाटत हिंडायची.

"बापाचं असंच झालं," मर्डो एकदा खिडकीशी उभा राहून म्हणाला. "शेत विकलं, गावात आला, खुर्चीत बसला. वसंत यायच्या आत गेला."

"तुझा बाप फुप्फुसानं गेला. खुर्चीनं नाही."

"खुर्चीत बसला म्हणून फुप्फुसाला सवड मिळाली."

त्याच आठवड्यात दोघं शिंपल्यातली कालवं खायला ब्लफ बंदरात गेली. तरुणपणी मर्डोनं तिथं कालवं काढणाऱ्या बोटींवर काही हिवाळे काढले होते. धक्क्याला एक जुनी दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट विकाऊ होती. पाठीवर नाव रंगवलेलं, 'विल्मा'. ही विल्मा कोण, ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. नायरी शिडीवरून आत उतरली. समोर दोन चुलींची शेगडी, बोट कलली तरी स्वतः सरळ राहील अशी टांगलेली. हात लांब केला की सगळे डबे हाताशी.

"काय वाटतं?" मर्डोनं वरून विचारलं. आवाज बेफिकीर होता, पण हात शिडीवर घट्ट आवळलेले.

"यापेक्षा वाईट जागेत मी अख्खी टोळी जेवू घातलीय," नायरी म्हणाली. घर विकायचं तेव्हाच ठरलं. केर्स्टी फोनवर एवढंच म्हणाली, "तुम्हाला घरात ठेवणं म्हणजे मेंढरं दिवाणखान्यात बांधण्यासारखंच होतं. जा, पण पोहायला तरी शिका."

दोन उन्हाळे किनाऱ्याकिनाऱ्यानं धडपडत शिकण्यात गेले. मग विल्मा उत्तरेला फांगारेच्या नदीत आणली, आणि तिथून त्यांचं वर्ष ठरून गेलं. मे महिन्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, थंडी पडू लागली की टोंगाच्या बेटांकडे निघायचं, आणि वादळांचा मोसम उघडायच्या आत परत यायचं. अंड्यांना टिकावीत म्हणून व्हॅसलीन चोळून ठेवलेलं, रताळी जाळ्यात टांगलेली, लोणी डब्यातलं. पहिले दोन दिवस नायरी मांडीत पातेलं घेऊन पडलेली असायची. पोट ताळ्यावर आलं की उठायची आणि पाव भाजायला घ्यायची. समुद्रात आळीपाळीनं जागायचं. बेटं आली की मर्डो सुकाणूवर आणि नायरी पुढच्या टोकाला उभी, पाण्यातली प्रवाळं बघत हातानं डावं-उजवं दाखवणारी. मर्डोची नजर पाण्याच्या आत शिरत नसे, नायरीची शिरे.

पण बेटं आली तरी मर्डोला बूड टेकवत नसे. कुठल्याही खाडीत तीन रात्री झाल्या की त्याला काहीतरी खुपायला लागायचं. वारा फिरतोय म्हणायचा. डास फार आहेत. शेजारच्या बोटीवरचं कुत्रं भुंकतंय. एकदा तर, इथला डोंगर फार जवळ आहे, म्हणाला. नायरी केस धुऊन वाळवायला बसलेली असायची आणि पुढून नांगराची साखळी खडखडायला लागायची.

टोंगातल्या व्हावाउ बेटावर तिला लोसा भेटली. लोसाच्या डुकरानं नायरीची सपात खाल्ली, त्यावरून ओळख झाली. लोसा विधवा, आडवी-तिडवी बाई. तिचं हसू आधी ऐकू यायचं, मग ती दिसायची. गावातल्या बायका मिळून चटया विणायच्या त्या पडवीत तिनं नायरीला बसवून घेतलं. टोंगन जिभेला 'र' आणि 'ड' वळत नाहीत, म्हणून नायरीची 'नाइली' झाली आणि मर्डोचा 'मातो'. टोळी मोडल्यापासून इतक्या बायामाणसांच्या कलकलाटात नायरी बसली नव्हती. पण दर वर्षी दोन-तीन सकाळी मिळायच्या, की निघाले.

एका वर्षी चर्चचा मोठा रविवार आला होता. सगळं गाव जेवायचं. लोसा म्हणाली, "नाइली, गोडाचं तू कर. तुझ्या हातचा तो वाफवलेला केक." नायरीनं शब्द दिला. पीठ आणलं, मनुका आणल्या. आणि शुक्रवारी सकाळी ती मनुका निवडत असताना साखळी खडखडली.

ती वर आली. "काय करतोयस?"

"वारा ईशान्येकडून यायला लागलाय. दक्षिणेला हापाई बेटांकडे उतरायला याच्यापेक्षा बरा वारा मिळायचा नाही."

"रविवारी जेवण आहे, मर्डो. मी शब्द दिलाय."

"पुढच्या वर्षी देऊ की."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालास."

"अगं, पण वारा—"

"वाऱ्यानं घातलेलं खातोस का तू?" नायरीचा आवाज चढला. शेजारच्या बोटीवरचा माणूस कपडे वाळत घालताना थांबला. "जन्मभर तुझ्या मागून भांडी गोळा करत आले. मेंढ्या संपल्या, चल. टोळी मोडली, चल. आता मी चालणार नाही. मला किनाऱ्यावर सोड."

"किती वेळ?"

"तू जा हापाईला. खुशाल जा."

तिनं चर्चचा झगा, ॲप्रन आणि आपली सुरी पिशवीत घातली. मर्डोनं लहान होडीतून तिला वल्हवत किनाऱ्याला आणलं. वाळूवर उतरल्यावर तो म्हणाला, "मटणाचे डबे कुठल्या कप्प्यात आहेत?"

"शोध," नायरी म्हणाली आणि वळून चालू लागली.

लोसा दारातच होती. "मातो कुठं?"

"गेला."

"अगं बाई! कसा गेला?"

"मेला नाही गं. हापाईला गेला."

"हात्तिच्या!" लोसानं पिशवी तिच्या हातातून घेतली. "मग रडवेली कशाला झालीस? आत ये."

पहिले दिवस सुखाचे गेले. जमीन हलत नव्हती. टाकीची तोटी सोडली की पाणी, त्याचा हिशेब ठेवायला नको. रविवारी जमिनीतल्या भट्टीतून नारळाच्या दुधात शिजलेल्या पानांच्या पुड्या निघाल्या, कोनफळं निघाली, अख्खी डुकरं निघाली. नायरीच्या केकसाठी पाद्र्यानं दोनदा हात पसरला. गाणं सुरू झालं तेव्हा चर्चचं छप्पर उडतंय की काय असं तिला वाटलं.

सोमवारी वारा दक्षिणेला फिरला आणि जोर धरू लागला. पत्रे वाजायला लागले. नायरी विणायला बसली तरी कान बाहेर. पट्ट्या इतक्या आवळून ओढायची की लोसा म्हणाली, "नाइली, चटईचा गळा आवळशील." ती उठायची, किनाऱ्यापर्यंत जाऊन यायची, बसायची, पुन्हा उठायची. हापाईकडे समुद्र खवळलाय, असं रेडिओवर सांगितलं. मोठं शीड एकट्यानं उतरवायचं तर मर्डोची पाठ साथ देणार नव्हती. बोटीवरच्या रेडिओवरून बेटावरच्या नेइआफू बंदराच्या धक्क्याला तो कधीतरी बोलायचा; धक्क्यावरचा माणूस म्हणाला, काही आवाज नाही.

"मरू दे त्याला," ती सकाळी म्हणायची. दुपारी विचारायची, "हापाईची फेरीबोट कधी आहे?"

तिचं तिलाच नवल वाटत होतं. इतकी वर्षं ती समजत होती की पायाला भिंगरी आहे ती मर्डोच्या. आपण बिचाऱ्या मागून फरफटत आलो. आता घर होतं, मैत्रीण होती, कोणी चल म्हणणारं नव्हतं, आणि ढग कुठून येतायत ते बघितल्याशिवाय तिला चहाचा घोट घेववत नव्हता. मर्डोच्या काळजीनं होतं म्हणावं, तर काळजी नसती तरी ती उठलीच असती, असं तिला आत कुठंतरी कळत होतं. ते कळणं तिला मुळीच आवडलं नाही.

वारा उतरला तशी हापाईची फेरी लागली. नायरी पिशवी घेऊन धक्क्यावर आली, सोबत लोसा. तिकिटाच्या रांगेत पुढं पेनी नावाचा कोळी उभा होता. लोसाचा दूरचा दीर लागत होता तो.

"कुठं निघालात?" त्यानं विचारलं.

"नवऱ्याला शोधायला, हापाईला."

पेनीनं एकदा लोसाकडे बघितलं, एकदा नायरीकडे. "तुमची ती दोन काठ्यांची बोट ना? ती त्या टेकडीपलीकडच्या खाडीत आहे. म्हातारा रोज सकाळी नांगर काढतो, टोकापर्यंत एक चक्कर मारतो आणि परत येऊन तिथंच टाकतो. आम्हाला वाटलं, नांगर धुतोय."

लोसा इतकी हसली की तिला धक्क्यावर खाली बसावं लागलं. नायरी हसली नाही.

पेनीच्या होडीतून ती खाडीत शिरली तेव्हा मर्डो डेकवर बसून डब्यातलं मटण चमच्यानं खात होता, थंडच. दाढी वाढलेली. तिला बघून तो उभा राहिला, मग पुन्हा बसला.

"कसं होतं हापाई?" नायरीनं होडीतूनच विचारलं.

"वारा पडला गं मध्येच."

"पडला? तिकडं पत्रे उडायची वेळ आली होती!"

"मग जास्त असेल."

ती वर चढली. आतून करपलेल्या दुधाचा वास येत होता. "माझ्यासाठी चौथी रात्र थांबवत नव्हतं तुला. शब्द दिलाय म्हटलं तरी नाही. आणि इथं एकटा बसून राहिलास?"

"बसलो नव्हतो," मर्डो घाईघाईनं म्हणाला. "रोज निघत होतो. टोकापर्यंत जायचो. तिथून पुढं प्रवाळं आहेत. बोटीच्या टोकाला कोणी उभं नसायचं हात दाखवायला." त्यानं डबा बाजूला ठेवला. "मग वळायचो."

"आणि गावात का आला नाहीस?"

"तू म्हणालीस ना, खुशाल जा."

नायरी खाली गेली, बाह्या वर केल्या आणि शेगडी घासायला घेतली. घासता घासता तिला रडू आलं ते तिनं भांड्यांच्या आवाजात दडवलं. मर्डो शिडीवर बसून फडकं हातात धरून होता. आपणही तिकडं सुखानं बसलो नव्हतो, हे तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं त्याच दुपारी साखळी ओढायला घेतली असती.

"यापुढं व्हावाउला मी उतरणार," ती एवढंच म्हणाली. "निघायचं कधी ते मी सांगेन. तुला आसपास हिंडायचं तर हिंड, पण प्रवाळाच्या अलीकडे. आणि रविवारी चर्चला यायचं."

"चर्चला?"

"चर्चला."

तेव्हापासून तसं चाललं. मर्डो चर्चच्या बाकावर इतका चुळबुळायचा की लोसानं त्याला भट्टीचे दगड तापवायच्या कामाला लावलं. बाकीचे दिवस तो या खाडीतून त्या खाडीत विल्मा हलवत राहायचा, आणि टेकडीवरून त्याचं शीड दिसलं की पडवीतल्या बायका ओरडायच्या, "नाइली, तुझा मातो नांगर धुवायला निघाला!" नायरीला लोसाकडे कधी तीन आठवडे मिळायचे, कधी दोन. अधूनमधून ती ठरलेल्या दिवसाआधीच पिशवी भरून किनाऱ्यावर येऊन उभी राहायची. लोसा तिला कारण विचारायची नाही.

पुढं मर्डोच्या डोळ्यांत मधोमध डाग धरला. डॉक्टर म्हणाले, मोठा समुद्र आता नको. विल्मा फांगारेच्या नदीत बांधली गेली. दोघं बोटीवरच राहू लागली. दर थोड्या दिवसांनी मर्डो बंदराच्या कचेरीत जाऊन बोट बांधायची जागा बदलून मागायचा; कधी पुलाजवळची, कधी पलीकडच्या काठाची. कचेरीतली मुलगी त्याला बघितलं की विचारायची, "आज कुठं, आजोबा?"

मग मे आला. उत्तरेला जाणाऱ्या बोटी एकेक करून सुटू लागल्या. दोघं काठावर उभी राहून लोकांचे दोर सोडून द्यायची, हात हलवायची. मर्डो दोर सोडल्यावर ते टोक बराच वेळ हातातच धरून ठेवायचा. शेवटची बोट वळणाआड गेल्यावर नायरीनं दुकानातून पीठ, मनुका आणि डब्यातलं लोणी आणलं आणि विल्माचं इंजिन चालू केलं.

"काय करतेयस?" मर्डोनं विचारलं.

"दोर सोड. भरती अर्ध्या वाटेला आलीय."

नायरी सुकाणूवर होती. मर्डो पुढं जाऊन बसला. दोर, साखळी, कप्पी सगळं हातानं चाचपून. नदीच्या मुखाशी त्यांनी रात्र काढली, मग पुढच्या खाडीत दोन, मग तिच्या पुढच्या. सगळा हिवाळा जमीन नजरेआड होऊ न देता ती दोघं किनाऱ्याला घासत वर सरकत राहिली आणि वसंतात तशीच खाली आली. केर्स्टी रविवारी फोन करून विचारायची, "आई, आहात कुठं?" नायरी तिला त्या वेळी समोर जी खाडी असेल तिचं नाव सांगायची, आणि केर्स्टी ते नकाशावर शोधेपर्यंत मर्डो पुढं जाऊन साखळीशी बसलेला असायचा.