हत्तीला दिलेली शिवी

हत्तीला मी पहिल्यांदा शिवी दिली तेव्हा सासूनं माझ्या तोंडात मारली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तोवर तिनं मला बोटसुद्धा लावलं नव्हतं. टोमणे मारायची, माझ्या माहेरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, पण हात कधी उचलला नाही. त्या दिवशी आम्ही दोघी धान कापायला बांदीत उतरलो होतो. तिनं उजव्या हातातला विळा डाव्या हातात घेतला आणि मग मारली. विळा बाजूला घ्यायचं भान तिला होतं, हे मला नंतर आठवलं. तेव्हा फक्त ओठ फुटल्याचं कळलं.

"करंट लागून मरो तो मुडदा, पोट फाटून मरो," एवढंच मी म्हटलं होतं. आदल्या संध्याकाळी कळपानं नदी ओलांडून शेजारच्या गावातले धानाचे पुंजणे उधळले होते. कापलेलं धान मळणी होईपर्यंत आम्ही बांदीतच गोल रचून ठेवतो, तो पुंजणा. वर्षभराचा भात त्यात असतो. त्या गावातल्या एका बाईच्या घराची भिंतही पाडली होती, आत धानाचं पोतं आहे हे त्यांना वासानं कळलं म्हणून. हे ऐकून मी काय, आरती म्हणायची?

आमच्या आरमोरीकडच्या भागात आधी हत्ती नव्हते. वाघ होता, डुक्कर होतं, अस्वल होतं, आणि त्यांच्यापासून कसं जपायचं हे लहानपणापासून कळत आलं होतं. हत्ती आम्ही पाहिला तो गणपतीच्या फोटोत. काही वर्षांपूर्वी छत्तीसगडच्या बाजूनं कळप उतरला आणि आमच्या बांदीतून चालत गेला, तेव्हा ओल्या मातीत परातीएवढी पावलं उमटली. गावातल्या सगळ्या बाया हळदी-कुंकू घेऊन धावल्या. मीही गेले, खोटं कशाला बोलू. सासूनं एका पावलातली चिमूटभर माती लाल फडक्यात बांधली आणि आमच्या पुंजण्याच्या शेंड्यावर खोचली.

त्याच हिवाळ्यात कळपानं राखणीला बसलेल्या एका माणसाला मचाणावरून खाली ओढलं आणि तुडवलं. त्याला चादरीत गोळा करून आणलं, असं आणणारे सांगत होते, आणि सांगताना जेवण टाकून उठत होते. आमच्या पुंजण्याची मात्र एक काडी हलली नाही. झालं, सासूचा विश्वास पक्का झाला. त्या दिवसापासून आमच्या घरात हत्तीला हत्ती म्हणायचं नाही, महाराज म्हणायचं.

"मंग त्या माणसानं काय पाप केलं होतं, बाई?" मी विचारलं होतं. सासूला मी बाई म्हणते.

"त्यानं फटाके फोडले. महाराजाच्या कानाशी कोनी फटाके फोडते काय?"

मी भांडी घासायला गेले आणि एक गंज इतका आपटला की त्याला पोचा पडला.

तर, तोंडात खाल्ली तो हिवाळा त्यानंतरचा. कापणी आटोपली, दोन पुंजणे उभे राहिले. थ्रेशर गावात एकच, आमची पाळी पाच दिवसांनी होती. कळप जवळच्या जंगलात बसला होता. वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरायची की एकट्यानं शेतात जाऊ नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. मी म्हटलं, बैलगाडी जुंपा, भारे घरी आणून टाकू, अंगणात झोपू पण धान घरात राहील. सासू म्हणाली, "ज्याच्या पायाची माती पुंजण्यात ठेवली त्याच्यावर भरोसा नाई काय तुले?" आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, आईकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि शेवटी म्हणायचे, "आई म्हनते त राहू दे." मला त्या माणसाच्या पाठीत भारा फेकून मारावासा वाटायचा.

तीन दिवस मी सासूशी बोलले नाही. ओठाची सूज उतरली तरी बोलले नाही. पण रोज सकाळी एकटीच बांदीत जायची, लाखोरीची भाजी खुडायला आणि पुंजणे जागेवर आहेत की नाहीत ते बघायला. भोंगा काहीही सांगो. चौथ्या दिवशी जेवताना तिनं पुन्हा भरोशाचं काढलं आणि माझा तोल गेला.

"एवढा भरोसा हाय त जा ना तुमी," मी म्हटलं. "हात जोडून सांगा तुमच्या महाराजाले, आमचा पुंजणा सोड म्हना. बघू तुमचं किती ऐकते ते."

तिनं ताटातला भात संपवला, ताट धुतलं.

दुसऱ्या दिवशी उठले तर चूल थंड होती. आमच्या घरी चूल नेहमी तीच पेटवते, तिनं पेटवली की मग मी उठते. गुळाचा डबा उघडा होता. देवापुढची पितळी थाळी जागेवर नव्हती. घरचे रात्रभर राखण करून नुकते आडवे झाले होते. त्यांच्या कमरेत लाथ घातली, "बाई बांदीत गेली!" असं ओरडले, आणि कोनाड्यातला विळा घेऊन पळाले. लाथ घातली हे खरं आहे. हाक मारत बसायला वेळ नव्हता.

धुकं इतकं होतं की बांदीच्या कडेचा धुरा पायाला लागायचा तेव्हाच कळायचा. आधी आवाज आला. भारे ओढल्याचा, तणस मोडल्याचा, आणि मधूनच फुरफुर. मग दिसलं. पहिला पुंजणा अर्धा झाला होता. एक मोठी मादी आणि तिच्या पायाशी पिल्लू. आणि त्यांच्यासमोर, वीसेक हातांवर, माझी सासू शाल गुंडाळून उभी होती. हातात थाळी होती. ती काहीतरी सांगत होती, हळू, समजावून, भाजीवाल्याशी बोलावं तसं. शब्द मला ऐकू येत नव्हते.

मग तिनं कापूर पेटवला.

जाळ दिसताच मादी वळली. मी बैल उधळलेला पाहिलाय, डुकरानं माणूस फाडलेला पाहिलाय, पण एवढं मोठं अंग इतक्या लवकर येऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं. सोंडेचा एकच फटका बसला आणि सासू धुऱ्यापलीकडच्या लाखोरीत जाऊन पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. थाळी मादीच्या पायाखाली गेली. ती सासूकडे निघाली तशी मी विळा फेकला. कुठे लागला देव जाणे, बहुतेक लागलाच नाही. मग मी शिव्या दिल्या. आईबापांवरून, पोटावरून, पिल्लावरून, मला येत होत्या त्या आणि येत नव्हत्या त्याही. मागून घरचे आणि चार माणसं डबे वाजवत आली. मादीनं जमिनीवर सोंड आपटली, पिल्लाला पुढे घातलं, जाताना दुसरा पुंजणा तुडवला आणि धुक्यात गेली.

मी सासूजवळ पोचले तरी माझं तोंड चालूच होतं. तिचा एक पाय उलट्या बाजूला वळला होता. चिखलातून तिनं हात वर केला. आधार मागते आहे असं वाटून मी वाकले, तर तिनं तो हात माझ्या तोंडावर दाबून धरला. गाडी येईपर्यंत काढला नाही.

खुब्याचं हाड आणि तीन फासळ्या. जिल्ह्याच्या दवाखान्यातून ती दहा दिवसांनी परत आली आणि अंगणात बाजेवर पडली. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "काऊन गेलतीस व माय?" ती म्हणायची, "मीच गेली, माह्या मनानं." मी चहा घेऊन दारात उभी असायची. ती मला वाचवते आहे असं मला वाटायचं. तिला कुणी पाठवलं ते मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. घरच्यांना माहीत नव्हतं, आणि सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

घरचे खचले होते. थ्रेशरवाल्यानं बांदीत येऊन तुडवलेल्या भाऱ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. चिखल, शेण, दगड, सगळं एकात एक झालं होतं, मशीनचे दात मोडले असते. "जाऊ दे, जनावराले चारू," घरचे म्हणाले आणि पडवीत गुडघे जवळ घेऊन बसले. आठ दिवस तसेच बसून राहिले.

आठव्या दिवशी मी उठले. गारठा असा होता की हंड्यातलं पाणी हाताला चावत होतं. सासू आयुष्यभर देवाचं नाव घेऊन उठत आली. माझ्या तोंडी काही नाव येत नव्हतं. मी रागानं उठले, आणि राग हे काही वाईट सरपण नाही. बांदीत मोहाचं एक आडवं लाकूड ओढून आणलं, एक एक पेंढी चिखलातून सोडवून घेतली, झटकली, आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून लाकडावर आपटली. पहिले दोन दिवस त्या प्रत्येक पेंढीत मला ती सोंड दिसायची. मी तिला मारत होते. नंतर घरच्यांची वाकलेली पाठ दिसायला लागली, तिलाही मारलं. पुढे पुढे मला माझंच तोंड दिसायचं, ते "जा ना तुमी" म्हणणारं, आणि तेव्हा मी इतक्या जोरानं मारायची की पेंढी हातात तुटायची. तळहातांना फोड आले, फुटले, रक्त तणसाला लागलं. चौथ्या दिवशी घरचे येऊन बाजूला उभे राहिले. मग त्यांनी दुसरं लाकूड आणलं. दोघांनी मिळून निम्म्याच्या वर धान झोडून काढलं. उरलेलं मातीत गेलं.

ती लाल फडक्याची पुरचुंडी मला पुंजण्याच्या तळाशी सापडली. चुरगळलेली, पण गाठ सुटली नव्हती. ती फेकायला मी हात मागे नेला होता. मग कमरेला खोवली. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पहिली टोपली पाखडून मी सासूच्या बाजेशी नेली. ऊन चढलं होतं. घरचे बैलांना पाणी दाखवायला बोडीवर गेले होते. मी टोपली खाली ठेवली आणि उभ्यानंच बोलून टाकलं.

"बाई, मी बोलली म्हनून तुमी गेल्या. माह्या बोलन्यानं हे झालं. तुमच्या पोराले सांगून टाका, मले सांगवत नाई."

तिनं टोपलीत हात घातला. माझ्या हातांकडे पाहिलं, मग धानाकडे.

"तुह्या बोलन्यानं जाईन एवढी भोळी वाटली काय व मी तुले?" ती म्हणाली. "महाराज पुंजणा सोडंल का खाईल, ते त्याच्या मनावर. त्याच्यासाठी मी थंडीत गेली नसती."

"मंग काऊन गेल्या?"

"तू शिवी देल्ली होती ना. पोट फाटून मर म्हटलं. तो इथीच होता जवळ, ऐकली असन त्यानं. अन् तू रोज सकाळी एकटी जाते बांदीत. माफी मागाले गेलती. म्हटलं, माही सून हाय, तोंडाची फाटकी हाय, पोटात काही नाई तिच्या. तिच्यावर डूक धरू नको."

म्हणजे धुक्यात ती जे हळू आवाजात समजावत होती ते हे होतं. पुंजण्याचं त्यात काही नव्हतं.

मला आधी संताप आला. मी तिच्यावर ओरडले, "मंग मले सांगाचं नाई काय?"

"सांगतलं असतं त तू जाऊ देल्लं असतं?"

मी बाजेच्या खुराशी खाली बसले आणि रडले. अठरा वर्षांत तिच्यासमोर रडले नव्हते. तिनं रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "देवाचं पयले काढलं काय यातून?" मी नाही म्हटलं. तिनं मूठभर धान वेगळं काढून माझ्या पदरात टाकलं.

पुरचुंडी मी तिला परत दिली. माझा महाराजावर विश्वास नाही, तेव्हा नव्हता, आताही नाही. माझ्या मते ते भुकेलं जनावर आहे, पिल्लासाठी जीव घेणारं, आणि पुन्हा आलं तर पुन्हा घेईल. सासू आता काठी टेकत धुऱ्यापर्यंत येते. एक पाय ओढत येते, पण येते.

या हिवाळ्यात कळप परत आला. सकाळी गेले तर पुंजण्याची एक बाजू उपसलेली होती, भारे चिखलात विखुरले होते, आणि बांदीत परातीएवढी पावलं उमटली होती. शिवी ओठांपर्यंत आली. मागून काठीचा आवाज येत होता. मी तोंड मिटलं, वाकले आणि भारे उचलायला लागले. त्या दिवसापासून मी हत्तीला एकही शिवी दिलेली नाही. भक्ती जडली म्हणून नव्हे. मी शिवी दिली तर ती त्याच मोडक्या पायानं पुन्हा माफी मागायला जाईल, म्हणून.